बेलवाडीचे रिंगण आणि स्वाराचे धैर्य

भीमा-नीरेच्या काठच्या बारामती-इंदापूर मुलखातील काटक भीमथडी तट्टांनी मराठी फौजांना थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत वाहून नेले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या खोगिरावर बसलेल्या मनुष्याच्या मनातील कंपाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. घोडा पडला की शिलेदाराची रोजीच बुडे, म्हणून त्याचे भय केवळ प्राणाचे नव्हते, हे विसरून त्याला भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

फौजा गेल्या, पागा मोडल्या. अश्वविद्येची कसोटी मात्र वारीने राखली. नारायणमहाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या तुकोबांच्या पालखी सोहळ्याचे पहिले गोल रिंगण इंदापूर तालुक्यातील बेलवाडीस होते, पुढचे खुद्द इंदापुरास. पताकाधारी, तुळशीवाल्या स्त्रिया, विणेकरी धावून गेल्यावर स्वाराचा अश्व आणि देवाचा, म्हणजे रिकाम्या पाठीचा, अश्व सुटतो. ही शर्यत नव्हे, असे म्हणतात खरे. पण पुढे कोण, याकडे सहस्रावधी डोळे लागलेले असतात. टाळ-मृदंगाच्या त्या कल्लोळात स्वाराची मांड अकारण आवळली, लगाम ताठला, की त्याची भीती तत्क्षणी जनावरात उतरते. म्हणून हात सैल, श्वास दीर्घ आणि दृष्टी पुढच्या वळणावर ठेवणे, हीच त्याची साधना. देवाच्या अश्वाला तर धीर देणारा स्वारच नसतो. रिंगण पुरे होताच वारकरी टापांखालची माती कपाळी लावतात.