ग्रेनाडा : एका चिमुकल्या राष्ट्राची कथा

जायफळ आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु ज्या राष्ट्रानें तें आपल्या ध्वजावर मिरविलें आहे, त्या ग्रेनाडाची ओळख फार थोड्यांस असेल. कॅरिबियन समुद्रांत, त्रिनिदादच्या उत्तरेस हा देश वसलेला आहे. मुख्य बेट व त्याचीं धाकटीं भावंडें मिळून त्याचें क्षेत्रफळ अवघें ३४४ चौरस किलोमीटर, आणि लोकवस्ती लाखाहून थोडी अधिक. एवढ्याशा देशाचा इतिहास तो काय, असें कोणी म्हणेल. पण राष्ट्र लहान असलें म्हणून त्यावर गुदरणारे प्रसंग लहान नसतात.

कोलंबसाच्या दृष्टीस हें बेट १४९८ सालीं पडलें. तथापि पुढें दीडशें वर्षें तेथील कॅरिब लोकांनीं परक्यांस पाय रोवूं दिला नाहीं. १६४९ मध्यें मार्टिनिकहून फ्रेंच आले व त्यांनीं लवकरच कॅरिबांचा पाडाव केला. उत्तर टोकास कोंडले गेलेले कांहीं कॅरिब शरण जाण्यापेक्षां कड्यावरून समुद्रांत उड्या टाकून मेले, असें परंपरा सांगते. तेथील गांवास आजही सोतेर, म्हणजे 'उड्या घेणारे', असेंच नांव आहे. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें बेट इंग्रजांकडे गेलें, १७७९ मध्यें फ्रेंचांनीं तें परत जिंकलें, आणि १७८३ मध्यें तें पुन्हां इंग्रजांच्या पदरीं पडलें.

या देवघेवींत बेटावर राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांस कोणींच विचारलें नाहीं. १७९५ मध्यें ज्युलियन फेदों या मिश्रवर्णी मळेवाल्यानें बंड उभारलें, आणि वर्षाहून अधिक काळ बहुतेक बेट आपल्या ताब्यांत ठेविलें. बंड मोडलें, पण फेदों कोणाच्या हातीं लागला नाहीं. गुलामांस पूर्ण मुक्ति मिळाली ती १८३८ मध्यें. मग मजुरांची वाण भासूं लागली, म्हणून १८५७ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यांत आले.

७ फेब्रुवारी १९७४ रोजीं ग्रेनाडा स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान एरिक गेरी हे मजुरांचे पुढारी म्हणून वर आले होते. पण सत्ता हातीं येतांच त्यांचा कारभार जुलमी होत गेला. १३ मार्च १९७९ रोजीं, ते परदेशीं असतां, मॉरिस बिशप या तरुण बॅरिस्टराच्या पक्षानें सत्ता बळकावली. नव्या सरकारनें शिक्षणाकडे व आरोग्याकडे लक्ष पुरविलें. क्यूबाच्या साह्यानें मोठा विमानतळ बांधावयास घेतला. मात्र निवडणुका झाल्या नाहींत, विरोधकांस चौकशीवांचून तुरुंगांत टाकण्यांत आलें. अमेरिकेस त्या विमानतळाची धास्ती वाटे. परंतु खरा घाव घरांतूनच पडला.

१९८३ मध्यें बिशप व त्यांचे सहकारी बर्नार्ड कोर्ड यांच्यांत फूट पडली, व बिशप स्थानबद्ध झाले. १९ ऑक्टोबर रोजीं जमावानें त्यांस सोडविलें. पण त्याच दिवशीं राजधानी सेंट जॉर्जेस येथील किल्ल्यांत, स्वतःच्याच राष्ट्राच्या सैनिकांनीं त्यांस सहकाऱ्यांसह गोळ्या घातल्या. त्यांचें प्रेत आजवर सांपडलें नाहीं. २५ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेचें सैन्य बेटावर उतरलें. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें १०८ विरुद्ध ९ मतांनीं या चढाईबद्दल खेद प्रकट केला. परंतु खुद्द बेटावरील पुष्कळ लोकांनीं त्या सैनिकांचें स्वागत केलें.

आमच्या मतें या विसंगतींतच इतिहासाचा धडा आहे. परचक्राचा निषेध करणें सोपें आहे, आणि तो केलाच पाहिजे. पण ज्या घरांत भावानें भावाचा घात केला, त्या घरचीं माणसें दारांत आलेल्या परक्यासही तारणहार मानूं लागतात. स्वातंत्र्य तहानें किंवा बंडानें मिळतें. तें टिकावयास मात्र मतभेद रक्तावांचून मिटविण्याची संवय लागते. १९८४ च्या डिसेंबरांत निवडणुका झाल्या, व तेव्हांपासून ग्रेनाडा ही संवय जोपासीत आहे. २००४ मध्यें 'आयव्हन' वादळानें जायफळाच्या बागा उध्वस्त केल्या. त्यांतूनही लोक सांवरले.

त्या विमानतळास २००९ पासून बिशप यांचेंच नांव आहे. २५ ऑक्टोबर हा तेथें कृतज्ञतेचा सण मानतात, आणि २०२३ पासून १९ ऑक्टोबर हा राष्ट्रवीरांचा दिवस झाला आहे. दोहोंत अंतर सहा दिवसांचें. एकाच आठवड्यांत शोक आणि कृतज्ञता दोन्ही पाळणारें हें राष्ट्र आपल्या इतिहासापासून तोंड फिरवीत नाहीं, एवढें तरी आम्हांस खचित म्हणतां येईल.