पाटीलकी, फिर्याद आणि चालचलन

 पाटीलकी जोवर वंशपरंपरागत वतन होती, तोवर कज्जा हा त्या पदाचा अडसर नसून बहुधा जिनाच असे, कारण वतनाचा दावा ज्याचा शाबीत होई, हुद्दाही त्याचाच ठरे. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने हे चित्र पालटले. पुढील वर्षीच्या पोलीस पाटील सेवाप्रवेश आदेशात वय, शिक्षण व रहिवास यांबरोबरच अशी अट आली, की सक्षम अधिकाऱ्याच्या मते ज्याचे पूर्वचरित्र या पदास अयोग्य ठरेल, तो अपात्र. येथे शिक्षा झालीच पाहिजे असे नाही. अधिकाऱ्याचे मत पुरते, आणि मला तरी ही मोकळीक धोक्याची वाटते. गावातले तंटे कशावरून होतात? बांध कोरला, पाट अडवला, शिवीगाळ झाली. चुलत्या-पुतण्यांच्या परस्परविरोधी फिर्यादींत शाळकरी पोराचेही नाव गोवले जाते, आणि पुढे भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तेच नाव ठाण्याच्या दप्तरातून वर येते. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने माहिती खरी द्यावी. परंतु तारुण्यातील घोषणाबाजीसारखा क्षुल्लक गुन्हा दडवला असल्यास नियोक्त्याला स्वविवेकाने त्याकडे काणाडोळा करता येतो. तरीही ‘गुन्हा दाखल आहे काय?’ या रकान्याशी उमेदवाराची लेखणी अडखळतेच, निर्दोष सुटलेल्याचीसुद्धा.