कोऱ्या ढालीची कुळकथा

रंगीत काचांची खिडकी कशी घडवावी याची जी रीत बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या संन्याशाने सांगितली आहे, तीत कागदाला स्थान नाही. खडूने पांढऱ्या केलेल्या फळीवर आकृती रेखावी, तिच्यावरच काचा ठेवून त्या बेताव्या, असा त्याचा दंडक असून, फळी पुन्हा पांढरी झाली की पहिला आराखडा समूळ नाहीसा होई. या आराखड्याला कागदावर स्वतंत्र आयुष्य लाभले ते मुख्यतः स्वित्झर्लंडात, आणि तेही कलाप्रेमापेक्षा एका लौकिक शिरस्त्यामुळे.

नवे नगरभवन, श्रेणीगृह अथवा खाणावळ उभी राहिली, की मालकाने इष्टमित्रांकडे, इतकेच नव्हे तर सरकारदरबारीही, खिडकीसाठी अर्ज करावा आणि देणाऱ्याने स्वतःच्या कुलचिन्हासह हातभर उंचीचे तावदान नजर करावे, असा हा शिरस्ता होता. बाडेन येथील स्विस कँटनांच्या परिषदेच्या दालनासाठी झुरिकच्या लुकास त्साइनरने 1501 च्या सुमारास कँटनांची अशीच तावदाने घडवली. पुढे मात्र याचकांचा सुळसुळाट एवढा झाला की तो परिषदेपुढे तक्रारीचा विषय ठरला. (दान देणाऱ्याचे नाव उजेडात झळकणार असल्यावर दुसरे काय व्हायचे!)

मागणी वाढताच बाझेलचा हान्स होल्बाइन आणि बर्नचा निक्लाउस मानुएल यांच्यासारखे चित्रकार काचकारांसाठी लेखणी व शाईने आराखडे काढू लागले. त्यांत कमान, स्तंभ, ढालीचे रक्षक, सारे तपशीलवार असे, ढाल मात्र पुष्कळदा कोरी. गिऱ्हाईक ठरल्यावर तीत त्याचे चिन्ह भरावयाचे. कित्येक कागदांवर डावा स्तंभ एका घाटाचा तर उजवा दुसऱ्या, म्हणजे पसंतीची सोय एकाच पत्रावर. आणि काचेच्या रंगांसाठी जागोजागी अक्षरांच्या खुणा. होल्बाइनच्या दोन एकशृंगांच्या आराखड्यातली ढालही कोरीच आहे. माझ्या मते हे कोरेपण अपुरेपणाचे लक्षण नसून व्यापारी दूरदृष्टीचे आहे, कारण त्यामुळेच एक आराखडा अनेक घराण्यांना चालत असे.

1529 मध्ये बाझेलात धर्मसुधारकांनी चर्चमधील मूर्ती आणि चित्रे फोडली, तरी कुलचिन्हांचा धंदा चालूच राहिला. ढालीत संत नव्हता. आराखडे कारखान्याच्या मत्तेसारखे वारशाने अथवा विक्रीने हस्तांतरित होत, आणि नवे धनी त्यांवर आपली खूण करीत. अठराव्या शतकात स्वच्छ काचेची आवड वाढून जुनी तावदाने परदेशी संग्राहकांकडे जाऊ लागली. कागदांचे असे गिऱ्हाईक थोडे, म्हणून ते पेटाऱ्यांतच पडून राहिले, आणि एकोणिसाव्या शतकात योहान एमानुएल व्हिस या बर्नच्या काचचित्रकारानेच ते जमवले. त्याचा संग्रह आज बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे.