वासरांतील थायलेरिया ज्वर

थायलेरिया ॲन्युलेटा या प्रजीवामुळे गुरांना, विशेषतः संकरित वासरांना, होणारा व गोचिडांमार्फत पसरणारा रोग. तिव्यासारखा हा ताप तीन दिवसांत उतरत नाही. नेहमीची प्रतिजैव औषधे देऊनही तो टिकून राहतो. लघवी तांबडी होत नाही, घटसर्पाप्रमाणे घसा सुजत नाही. त्यामुळे कारण न कळलेला ताप म्हणून पुष्कळदा त्याची बोळवण होते. महाराष्ट्रात या रोगाला महत्त्व आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रोग जुनाच होता; बदलला तो गोवंश.

इतिहास : गोचिडांमुळे रोग पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी अमेरिकेतील टेक्सस ज्वराच्या अभ्यासातून 1893 मध्ये सिद्ध केले. प्रस्तुत प्रजीवाचे वर्णन कॉकेशस पर्वतापलीकडील प्रदेशातील गुरांवरून 1904 मध्ये झाले. दक्षिण आफ्रिकेत काम करणारे स्विस पशुवैद्य आर्नल्ड थायलर (1867–1936) यांच्या सन्मानार्थ 1907 मध्ये प्रजातीला थायलेरिया हे नाव मिळाले. भारतात पशुरोगांच्या शास्त्रीय संशोधनाचा आरंभ पुण्यात झाला. तेथे 1889 मध्ये स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी 1893 मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगर्ड यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतीय गुरांच्या रक्तातील अशा प्रजीवांचा अभ्यास केला. तथापि त्या काळी बुळकांडीसारख्या साथींपुढे हा रोग गौण ठरला.

गोवंशातील बदल : नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर भागात डांगी हा मुसळधार पावसातही काम करणारा गोवंश पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. देशी गुरांना गोचिडांचा उपसर्ग लहानपणीच होतो. सामान्यतः ताप सौम्य येतो व बरे झालेले जनावर पुढे रोगाला दाद देत नाही. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारी नेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार झाली. निफाडसारख्या सिंचित तालुक्यांतही संकरित गायी वाढल्या. दूध वाढले, पण विदेशी रक्ताच्या वासरांत या प्रजीवाविरुद्धची देशी सहनशक्ती नव्हती. दोन-तीन वर्षांनी दुधावर येणारी कालवड दगावली, तर लहान शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा आधारच जातो.

रोगाचा क्रम व निदान : हायालोमा वंशाचा गोचीड बाल्यावस्थेत रोगी जनावराचे रक्त शोषतो व पुढील अवस्थेत दुसऱ्या जनावराला चावून प्रजीव सोडतो. प्रजीव प्रथम श्वेत कोशिकांत शिरतो आणि त्यांना अनिर्बंध विभाजन करावयास लावतो. नंतर तो तांबड्या कोशिकांत जातो. ताप 40° ते 41.5° से.पर्यंत चढतो. खांद्यापुढील लसीका ग्रंथी सुजतात, रक्तक्षय होतो, श्वास जलद चालतो आणि काही वासरांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. न्यूमोनिया समजून उपचार केल्यास महत्त्वाचे दिवस वाया जातात. ग्रंथीतील द्रवाची काचपट्टी रंगवून तपासल्यास रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे निळे पिंड दिसतात. रक्ताच्या काचपट्टीत तांबड्या कोशिकांतील वलयाकार प्रजीव आढळतात. म्हणून तापाचे कारण कळत नसेल तेव्हा औषध बदलत राहण्यापूर्वी ही तपासणी करणे इष्ट ठरते.

उपचार व प्रतिबंध : पूर्वी टेट्रासायक्लीन गटातील औषधांवर भिस्त असे, ताप भरल्यानंतर त्यांचा उपयोग मर्यादित होई. 1980 नंतरच्या दशकात विकसित झालेल्या बुपार्व्हाक्वोनमुळे, वेळीच दिल्यास, अनेक जनावरे वाचू लागली. मात्र ट्युनिशिया, इराण इ. देशांत त्याला दाद न देणारे प्रजीव आढळले आहेत. प्रयोगशाळेत कोशिकासंवर्धनाने क्षीण केलेल्या प्रजीवांची लसही भारतात तयार होते. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागत असल्याने खेडोपाडी पोहोचविणे अवघड जाते.

रक्त पिऊन झालेले गोचीड जनावरावरून गळून गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत व दगडांच्या सांदींत दडतात आणि तेथेच कात टाकतात व अंडी घालतात. त्यामुळे केवळ जनावराच्या अंगावर औषध फवारून उपद्रव थांबत नाही. भेगा लिंपणे, गोठ्याच्या भिंतींवर गोचीडनाशक फवारणे व नवीन जनावर काही दिवस वेगळे बांधणे हे उपाय लस व औषधाइतकेच आवश्यक आहेत. संकरित गाय स्वीकारताना तिचा गोठाही बदलावा लागतो, हे या रोगाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.