बंद पाकिटाची कुळकथा

नव्या औषधाची चाचणी असली, की कोणत्या रुग्णाला ते द्यायचं आणि कोणाला नाही हे चिठ्ठी ठरवते. ही चिठ्ठी बंद पाकिटात गेली त्यामागे क्षयरोग आहे.

क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडलं. युद्धाने पिचलेल्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते. आलेला साठा सगळ्या क्षयरोग्यांना पुरणं अशक्य होतं. सर्वांना देता येत नाही, तर निदान नीट पारखून घेऊ, असं तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरवलं. हिशेबाची बाजू ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे होती. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःलाच क्षय झाला होता आणि त्यापायी डॉक्टर व्हायचं राहून गेलं होतं.

तोवरची रीत एकाआड एक: पहिल्याला औषध, दुसऱ्याला नाही. वरवर पाहता न्यायाचीच. पण पुढची पाळी कशाची, हे डॉक्टरला ठाऊक असतं. समोर विशीतली पोर खोकत असेल, तर तिला 'नाही'च्या पाळीवर घ्यायला त्याचा जीव धजत नाही. तो तिला जरा थांबवतो. यात लबाडी नाही, माया आहे. त्या मायेनेच हिशेब बिघडतो.

हिल यांनी नेमकी ही फट बुजवली. क्रम ठरवला यादृच्छिक अंकांवरून, आणि तो डॉक्टरांपासून लपवला. पाकिटावर फक्त रुग्णालयाचं नाव नि क्रमांक. रुग्ण घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच पाकीट उघडायचं. आतल्या कार्डावर 'एस' म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, 'सी' म्हणजे नुसती अंथरुणातली विश्रांती. एक्स-रे तपासणाऱ्यांनाही गट कळू देत नसत.

१९४८ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांत औषधावरच्या ५५ पैकी ४ दगावले, विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. 'सी'वाल्यांना आपण चाचणीत आहोत हेसुद्धा सांगितलेलं नव्हतं. साठ्याची अडचण मान्य करूनही मला हे पटत नाही.

पाच वर्षांनी मात्र मृतांचे आकडे ३२ आणि ३५ झाले. जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते; म्हणून एकाऐवजी औषधांची जोडी आली.

मग घरी राहून औषधं घेतली तरी चालेल का, हे पाहायला १९५६ साली मद्रासमध्ये चिठ्ठीनेच काही क्षयरुग्ण सॅनेटोरियममध्ये गेले, काही घरी राहिले. वर्षभर दोन्हीकडे औषधं सारखीच. घरी राहिलेल्यांच्या खोल्या दाटीच्या, जेवण निकस, आराम कमी. तरीही गुण जवळपास सारखाच आला, आणि घरातल्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही.