तळटीप १७ : मेंढा (लेखा)

१७. मेंढा : गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले गोंड आदिवासींचे गाव. वस्ती जेमतेम पाचशेची. भोवती बांबू, मोह आणि तेंदूचे जंगल. लेखा हे शेजारचे निराळे गाव. मेंढा तिथल्या ग्रामपंचायतीत मोडत असे, म्हणून 'मेंढा (लेखा)' अशी जोडी रूढ झाली; लेखकाला अभिप्रेत आहे ते मेंढाच. येथील ग्रामसभा मतदान घेत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत विषय खुला राहतो. मजकुरात 'ठराव लांबला' असे आले आहे त्यात भांडणाचा वास शोधू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देणे वनखात्याच्याच हाती राहिले. नव्या कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला होता, पण १९२७ चा भारतीय वन कायदा त्याला वृक्षच समजे. खात्याने जुन्याचा आधार धरला. लेखक ज्याला नुसते 'पुस्तक' म्हणतो ते या परवान्यांचे पुस्तक. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी ते २७ एप्रिल २०११ रोजी ग्रामसभेच्या स्वाधीन केले. म्हणजे हक्क आधी, परवाना दोन वर्षांनी. पुढच्या पानावरचा संताप या मधल्या काळातला आहे. 'देवाजी' म्हणजे ग्रामसभेचे ज्येष्ठ कार्यकर्ते देवाजी तोफा.