अच्छ, आरण्यक आणि आजची अरण्यशिबिरे

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तेथून दक्षिणेकडे गेले की टिपेश्वरचे जंगल लागते, आणि वर्धेवरून पुढे गेले की बोरचे. या दोन्ही जंगलांची कीर्ती वाघामुळे आहे; अस्वलाची दखल सहसा कोणी घेत नाही. बोर धरणाच्या परिसरात ह्युएन त्संग यांच्या नावाचे शिबिर केंद्र आहे, आणि विदर्भातील उपासक-उपासिका तेथे निवासी शिबिरांसाठी जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात रामदेगीचे संघारामगिरी आहे. अशा ठिकाणी साधक जेथे आसन मांडतो, ती भूमी त्याच्या आधीपासून दुसऱ्या कोणाच्या तरी वहिवाटीत असते. तिच्यावर कसे राहावे, हा प्रश्न आपल्या काळाने प्रथमच उभा केलेला नाही. भिक्खुसंघापुढे तो आरंभापासून होता आणि त्याची उत्तरे विनयपिटकात नोंदलेली आहेत. दुर्दैवाने आपण विनयपिटक फार कमी वाचतो.

पाली भाषेत अस्वलाला 'अच्छ' म्हणतात. संस्कृतातील 'ऋक्ष' आणि हिंदीतील 'रीछ' ही त्याचीच भावंडे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात अनागत भयांविषयी एक सुत्त आहे. त्यात अरण्यवासी भिक्खूने स्वतःशी कोणता विचार करावा, हे सांगितले आहे. मी येथे एकटा आहे. मला साप, विंचू चावेल. सिंह, वाघ, बिबट्या, अच्छ किंवा तरस यांची गाठ पडेल आणि माझा जीव जाईल. म्हणून जे साधायचे ते आताच साधले पाहिजे. येथे अस्वलाचे स्पष्ट नाव आहे. भिक्खूच्या शीलामुळे अस्वल त्याच्या वाटेतून दूर होईल, असे आश्वासन मात्र या सुत्तात कोठेही नाही. मृत्यूची शक्यता मान्य करूनच ते पुढे जाते.

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागतांनी जाणुस्सोणि ब्राह्मणास स्वतःचा अनुभव सांगितला आहे. रात्री अरण्यात एखादे जनावर जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि भय उत्पन्न होई. बोधिसत्त्व असताना आपल्याला भय वाटत होते हे भगवान स्वतः सांगतात, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. नालागिरी हत्तीचा प्रसंग आपल्या प्रवचनांतून वारंवार येतो. भयभेरव क्वचित येते.

परंतु सर्वांत बोलका पुरावा महावग्गाच्या भेसज्ज खंधकात आहे. तेथे दहा प्रकारचे मांस भिक्खूंना वर्ज्य केले आहे: मनुष्य, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल आणि तरस. हत्ती व घोडा ही राजाची अंगे म्हणून वर्ज्य. कुत्रा व साप लोकांना किळसवाणे वाटतात म्हणून. शेवटच्या पाच प्राण्यांबाबत दिलेले कारण निराळ्याच जातीचे आहे. शिकारी लोक सिंह मारून त्याचे मांस खात आणि भिक्षेसाठी आलेल्या भिक्खूंनाही देत. ते खाऊन भिक्खू अरण्यात राहावयास गेले, तेव्हा त्या मांसाच्या वासाने सिंह त्यांच्यावर तुटून पडले. वाघ, बिबट्या, अस्वल आणि तरस यांविषयीही हेच घडले, आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र नियम झाला.

येथे पाप-पुण्याची चर्चा नाही. ज्याच्या भूमीत राहायचे, त्याच्या नाकाला आपला वास कसा येतो याचा विचार आहे. आधुनिक प्राणिशास्त्र काय म्हणते तेही पाहावे. आपल्याकडील अस्वलाची दृष्टी व श्रवणशक्ती बेताची, परंतु घ्राणशक्ती अतिशय तीक्ष्ण असते. वाळवी आणि मुंग्या हे त्याचे मुख्य अन्न. वरच्या मधल्या दोन दातांच्या जागी फट असल्याने ते वारुळातील वाळवी जोराने ओढून घेते. खाण्यात गढलेल्या या प्राण्याला जवळ आलेल्या माणसाची चाहूल उशिरा लागते, आणि दचकले की ते पळण्याऐवजी पुष्कळदा हल्ला करते. पाठीवर पिले घेतलेली मादी तर अधिकच. वासावर जगणाऱ्या प्राण्यासंबंधीचा नियम वासावरच बेतलेला असावा, ही संघाच्या निरीक्षणाची खूण होय.

चुल्लवग्गात आरण्यकांची कर्तव्ये दिली आहेत. पिण्याचे व वापरावयाचे पाणी भरून ठेवावे, अग्नी आणि अरणी जवळ असावी, काठी असावी, नक्षत्रे व दिशा ओळखता याव्यात. वणवा आला तर प्रतिअग्नी लावण्यास अनुज्ञा आहे. त्याच ग्रंथात कोसल देशातील एका भिक्खूची हकीकत आहे. वाटेत हत्ती अंगावर आला तेव्हा तो धावत झाडापाशी गेला, पण नियमाच्या धाकाने झाडावर चढला नाही. हत्ती दुसऱ्या वाटेने गेला म्हणून तो वाचला. हे कळल्यावर भगवंतांनी आपत्तीत हवे तितके उंच चढण्याची मोकळीक दिली. (अस्वलापुढे हा उपाय चालत नाही, ते उत्तम चढते.) सर्पदंशाबाबतही मैत्रीभावनेबरोबर रक्त काढण्याची अनुज्ञा आणि चार औषधे सांगितली आहेत. मैत्रीने उपाय अनावश्यक होतात, असे विनयाने कधी मानले नाही.

वर्षावासाचे तीन महिने स्थान सोडू नये, हा संघाचा मोठा दंडक. तरीही हिंस्र श्वापदांचा उपद्रव होऊ लागल्यास भिक्खूने तेथून निघून जावे, व्रतभंगाचा दोष लागत नाही, असे महावग्ग स्पष्ट सांगतो. देवदत्ताने मागितलेल्या पाच नियमांतील पहिला म्हणजे यावज्जीव अरण्यवास. भगवंतांनी तो नाकारला; ज्याची इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याची इच्छा असेल त्याने गावाजवळ राहावे. कठोरतेच्या स्पर्धेतून धम्माची उंची मोजण्याचा प्रयत्न तेथेच निकालात निघाला.

डिसेंबर 2018 मध्ये रामदेगीच्या जंगलात, ताडोबाच्या बफर क्षेत्रात, ध्यानाला बसलेल्या एका तरुण भिक्खूचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आत जाऊ नये अशी सूचना आपण दिली होती, असे वनाधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले. त्या भिक्खूच्या निष्ठेविषयी आम्हांस आदरच आहे. पण या मृत्यूचे बलिदान म्हणून गौरवीकरण करण्याची प्रवृत्ती आम्हांस मान्य नाही. त्या स्थानावर बसून राहण्याचे बंधन त्याच्यावर विनयाने घातले नव्हते. बंधन असलेच तर ते त्याच्यामागे उभ्या असलेल्या आपणा सर्वांवर होते, म्हणजे अशा ठिकाणी एकट्याने राहण्याची व्यवस्था कशी असावी हे आधी ठरविण्याचे.

शिवाय अरण्य केवळ साधकाचे व श्वापदाचे नसते. यवतमाळच्या जंगलपट्ट्यात कोलाम आणि गोंड लोक राहतात. उन्हाळ्याच्या आरंभी मोह फुलतो. मोहफुले अस्वलालाही अत्यंत प्रिय. पहाटेच्या अंधुक उजेडात मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन वाकलेली बाई आणि अस्वल यांची गाठ पडते, ती यामुळेच. शिबिरार्थी स्वेच्छेने आलेला असतो व दहा दिवसांनी परत जातो. या बाईला पर्याय नाही. उन्हाळी सुटीत जंगलालगत शिबिर घेणाऱ्यांनी उरलेले अन्न उघड्यावर टाकले, तर त्या वासाने आलेल्या अस्वलाची किंमत बहुधा तीच चुकवील. खरकट्याची विल्हेवाट, रात्री व पहाटे एकट्याने न फिरणे, चालताना आवाज करणे, वारुळांच्या व मोहाच्या जागा टाळणे, हे नियम शिबिराच्या पत्रकात शीलांच्या खालोखाल छापले जावेत, असे आम्ही सुचवितो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खू निर्माण करण्यामागील हेतूचा प्रश्न उपस्थित केला आहे: परिपूर्ण मनुष्य की समाजसेवक? विनयातील अरण्याच्या व्याख्येत या प्रश्नाचा थोडा उलगडा होतो. आरण्यक निवास गावापासून किमान 500 धनुष्यांवर असावा, म्हणजे सुमारे एक किलोमीटर. रोज सकाळी पायी गावात येऊन भिक्षा घेता येईल एवढेच ते अंतर. आणि श्वापदांच्या उपद्रवामुळे वर्षावास सोडण्याची मुभा देणाऱ्या त्याच प्रकरणात पुढे आणखी एक प्रसंग येतो. चोरांच्या भयाने सारे गावच उठून दुसरीकडे गेले, तर वर्षावासातील भिक्खूंनी काय करावे? गाव जिकडे गेले तिकडे त्यांनी जावे, असे तेथे सांगितले आहे.